जुनी पिकअप स्वतः उभी करायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांची १९६८ची महिंद्र एफसी-१५० पिकअप देपालपूरकडच्या शेतावर चोवीस वर्षं उभी होती. बाबांनी आणि मी ती इंदूरला, सुदामानगरच्या आमच्या अंगणात आणली आणि चार वर्षांत पुन्हा चालती केली. तेव्हापासून ओळखीचे लोक गोठ्यात, गोदामात, विहिरीकाठी उभ्या असलेल्या गाड्यांचे फोटो पाठवतात आणि विचारतात, घेऊ का? आपलं आपल्याला जमेल का? त्यांचे प्रश्न आणि मी त्यांना देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गाडी मनात भरली आहे. पहिलं काम कोणतं?

कागद बघणं. पान्याला हात लावायचा तो त्यानंतर. आमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्या उस्तादांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘बेटी, पहले कागज दिखाओ,’’ म्हणाले.

आरसीवरचा चासी नंबर आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. चासीवरची जागा तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि छाप घ्या. पुढे आरटीओतही हाच छाप लागतो. तिथे ग्राइंडर कधीही लावू नका. गंज काढण्याच्या भरात नंबरच घासून टाकला, तर ती गाडी कुणाची हे सिद्ध करणं फार जड जातं. सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला, चासी देतानाही नंबरावर जाड पट्टी चिकटवून द्या आणि कारागिराला बोट ठेवून दाखवा.

मग इंजिन नंबर बघा. जुन्या पिकअपचं इंजिन आयुष्यात एकदा तरी बदललेलं असतं आणि ते आरसीवर चढवलेलं नसतं. त्याशिवाय कर्जाचा बोजा. बँकेचे पैसे तीस वर्षांपूर्वी फिटले, पण आरसीवरचं बँकेचं नाव तसंच राहिलं, हे नेहमीचं आहे. ते उतरवायला बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो, आणि ती शाखा आज त्याच नावाने असेलच असं नाही.

१९८९च्या आसपास देशभर नंबरांची पद्धत बदलली. त्याआधीचा नंबर असलेल्या गाड्यांची नोंद बहुतेक वेळा संगणकावर आलेलीच नसते. ती ‘वाहन’ प्रणालीत चढवून घेण्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. नायता मुंडल्याच्या आरटीओत मूळ आरसी घेऊन जा आणि हे होईल का, ते गाडीचे पैसे देण्याआधी विचारा.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. मग?

मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१ असतो. विक्रीचे २९ आणि ३० वेगळे. फॉर्म भरणं सोपं आहे, वारसांची संमती मिळवणं अवघड. आमच्यात बाबा, दोन काका आणि एक आत्या. गाडी शेतात सडत होती तोवर कुणालाच ती नको होती. ती रंगून उभी राहिल्यावर तिच्या आठवणी सगळ्यांना येणार, आणि त्यात त्यांची चूकही नाही, गाडी सगळ्यांच्याच बापाची होती. म्हणून संमतीपत्रं आधी घ्या. आम्ही गणपतीत सगळे जमतात तेव्हा, आरतीनंतर, सगळ्यांसमोर विषय काढला आणि तिथेच सह्या घेतल्या. आत्याने एवढंच मागितलं की पहिली चक्कर तिला मारायची. मारली.

पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणजे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल ना?

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी ८१-ए पासूनचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीची ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं. ज्या गाडीचा जुना नंबर चालू आहे तिला तो ठेवता येतो.

पण ही व्याख्या दुचाकी आणि ‘एम-१’ या वर्गातल्या चारचाकींची आहे. एम-१ म्हणजे माणसं नेणारी मोटार. माल नेणारी पिकअप ‘एन-१’ वर्गात मोडते. त्यामुळे तुमच्या आरसीवर मालवाहू असं लिहिलेलं असेल, तर ती व्हिंटेज म्हणून सहज नोंदवता येईल हे गृहीत धरून पैसे गुंतवू नका. काही जुन्या जीप-पिकअप खाजगी वापराच्या म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांच्या नोंदणीचं पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. मालवाहूला फिटनेस प्रमाणपत्र लागतं, आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीला ते दर वर्षी. याचा अर्थ ती नुसती सुंदर दिसून भागत नाही. ब्रेक, दिवे, हॉर्न, स्टिअरिंग, सगळं दर वर्षी तपासणीला उतरलं पाहिजे. व्हिंटेज नोंदणी मिळाली तरी ती गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

सरकारी लिलावातली किंवा महूकडची लष्करी गाडी स्वस्तात मिळते आहे.

लष्करी गाडी असेल तर लिलावाचं मूळ पत्र आणि त्यावर गाडीचे नंबर हवेत. ते नसेल तर तुम्ही घेताय ते शोभेचं लोखंड. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून संपते आणि त्या मोडीतच जातात, तेव्हा आता कुणी अशी गाडी ‘कागद नंतर करून देतो’ म्हणून विकत असेल तर नमस्कार करून निघा.

प्रत्यक्ष गाडी बघताना काय तपासू?

जमीन. गाडी कशावर उभी होती ते आधी बघा. आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. टायरातली हवा गेली की गाडी रिमवर बसते, दोन-तीन पावसाळ्यांत रिम मातीत उतरतं आणि चासीचा खालचा भाग सहा-सहा महिने ओलाव्याला टेकून राहतो. आमच्या गाडीचं वरचं पत्र्याचं काम बघून लोक हळहळायचे. खरी दुखापत खाली होती. चासीच्या मागच्या आडव्या पट्टीत, स्प्रिंगचा हँगर बसतो तिथे, अंगठा आत जात होता. तीच गाडी फरशीवर, छपराखाली उभी असती तर आमचं एक वर्ष वाचलं असतं.

गाडीखाली आडवे व्हा. सोबत छोटी हातोडी, मोठा स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च ठेवा. चासीवर वीतभर अंतराने हातोडी मारत जा. जाड लोखंड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. जिथे आवाज बदलतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. स्प्रिंगचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, क्रॉसमेंबरचे, म्हणजे आडव्या पट्ट्यांचे, सांधे आणि केबिनचे माउंटिंग, या चार ठिकाणी अजिबात घाई करू नका.

चासी वाकडी आहे का, हे घरच्या साहित्याने कळतं. गाडी सपाट फरशीवर ठोकळ्यांवर घ्या. दोन्ही बाजूंच्या सारख्या छिद्रांतून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा, गाडी बाजूला घ्या आणि खुणांचे कर्ण टेपने मोजा. दोन्ही कर्णांत बोटभर फरक आला तर गाडीने कधीतरी मोठा मार खाल्ला आहे.

पत्र्यासाठी चुंबकाला पातळ फडकं गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. पुट्टी थोडी असेल तर हरकत नाही. पण पुट्टीखाली जाळी किंवा कापड निघालं, तर तो पत्रा उरलेलाच नाही असं धरा.

चासी गेली असेल तर गाडी सोडा, हा माझा ठाम सल्ला आहे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळं बदलता येतं, दुरुस्त करता येतं. चासी म्हणजे कागदावरची गाडी.

इंजिन जाम आहे. म्हणजे संपलं?

मुळीच नाही. उलट जाम इंजिनाची गाडी स्वस्त मिळते, आणि बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात, एवढंच असतं. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक छिद्रातून अर्धी वाटी डिझेल आणि गिअरच्या पातळ तेलाचं मिश्रण ओता आणि आठ-दहा दिवस विसरा. मग फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाला, मागे-पुढे, मागे-पुढे, थोडं थोडं हलवा. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढू नका. असं करणारे ‘अनुभवी’ लोक प्रत्येक गावात असतात, आणि त्यात रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतात.

सुटल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजा. चारही सिलिंडरांत दहा पीएसआयच्या आत फरक असेल तर नशीबवान आहात. एकात फार कमी आलं तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा.

एफसीत आणि त्या काळच्या जीपमध्ये विलीज या जीपच्या मूळ अमेरिकी कंपनीचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन असतं, चार सिलिंडर, २,१९९ सीसी. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. नुसतं हेड काढून ‘व्हॉल्व्हचं काम झालं’ असं सांगणाऱ्याला म्हणूनच ब्लॉकमधले चार व्हॉल्व्ह दाखवायला सांगा. आणि एफसीत हे इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधे झाकणाखाली बसतं. दुरुस्ती सगळी आत बसून. बाबांच्या गुडघ्यांना ते झेपेना, म्हणून इंजिनाचं काम माझ्याकडे आलं.

मला यातलं काही येत नाही. तरी जमेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण मीही कॉलेजात लेखापरीक्षण शिकलेली. जमतं. जुनी पिकअप ही शिकायला सगळ्यात चांगली गाडी आहे. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत. पेट्रोल येतं का, ठिणगी पडते का, हवा कोंडली जाते का, एवढ्या तीन प्रश्नांवर इंजिन चालतं, आणि तिन्हींची उत्तरं डोळ्यांनी दिसतात.

मात्र एक परीक्षा आधी घ्या. गाडी घेण्यापूर्वी कुणाच्या तरी जुन्या गाडीच्या एका चाकाचा ब्रेक ड्रम त्यांच्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली उघडा, साफ करा आणि पुन्हा बसवा. अडकलेला स्क्रू, तुटलेली स्प्रिंग, काळे हात, आणि संध्याकाळी एक चाक पूर्ण. त्या दिवशी रात्री तुम्हाला दुसरं चाक उघडावंसं वाटलं, तर तुमचं उत्तर मिळालं. वैताग आला तरी काही बिघडलं नाही. गाडी जरूर घ्या, पण काम गॅरेजला द्या आणि शनिवारी जाऊन बघत बसा. तेही प्रेमच आहे.

स्वतः काय करावं आणि बाहेर काय द्यावं?

‘सगळं मी केलं’ असं म्हणणारा जवळजवळ कुणीच नसतो, आणि तसं करायचीही गरज नाही. खरा निर्णय इथे आहे.

स्वतः करा : गाडी उघडणं, प्रत्येक भागाचे फोटो काढणं, साफसफाई, गंज काढणं, ब्रेक, वायरिंग, कार्ब्युरेटर, रबरं, सीट बसवणं, आणि शेवटची जोडणी. वेळ यात जातो आणि मजुरीही यातच सगळ्यात जास्त वाचते. उघडलेले नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. चिठ्ठीवर ‘पुढचं डावं, वरचा हात’ असं पूर्ण वाक्य लिहा. ‘बोल्ट ४’ लिहिलेली चिठ्ठी वर्षभराने वाचता येते, पण तिचा अर्थ लागत नाही.

बाहेर द्या : सिलिंडर बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड प्लेन करणं, चासीची वेल्डिंग, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचे बुश रीमिंग, आणि टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायच्या रंगाचा स्प्रे. सांवेर रोड आणि पोलोग्राउंडच्या बाजूला लेथ-मिलिंगची चांगली कामं होतात. पीथमपूरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेली माणसं शहरात घरोघर आहेत. त्यातला एखादा काका तुमच्या गल्लीतच असेल. त्याला चहाला बोलवा. आम्हाला तसे एक मिळाले, आणि त्यांनी मला फट मोजायचा फीलर गेज कसा धरायचा, म्हणजे पाती ओढताना किती अडली पाहिजे, हे हाताला हात लावून शिकवलं. कागदावर ते शिकता येत नाही.

बोरिंगला देताना आधीचं माप विचारा. पिस्टन ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ अशा इंचाच्या हजारांशांतल्या वाढीव मापांत येतात. ब्लॉक आधीच चाळीसवर गेलेला असेल तर पुढे स्लीव्ह, म्हणजे सिलिंडराच्या आत नवी नळी, मारावी लागेल. आणि पिस्टन हातात येईपर्यंत बोरिंग करू देऊ नका. पिस्टन मोजून मगच सिलिंडर कापतात.

पार्ट इंदूरमध्ये मिळतात का?

अर्धे मिळतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ऑइल सीलवर माप असतं. ते घेऊन दुकानात जा, गाडीचं नाव सांगू नका. नाव सांगितलं की ‘अब नहीं आता’ ऐकू येतं, नंबर सांगितला की माल येतो. जीपचे इंजिन आणि गिअरचे भाग महिंद्रने कित्येक वर्षं तेच वापरले, त्यामुळे ते दिल्लीच्या काश्मीरी गेटच्या बाजारात सापडतात. काचेचं रबर, दाराचे हँडल, दिव्याच्या कड्या, आरशाचा दांडा, ही मात्र खरी डोकेदुखी. म्हणून गाडी घेताना इंजिनापेक्षा या किरकोळ वस्तू पूर्ण आहेत का, ते मोजा. इंजिन बांधता येतं. दाराचा मूळ हँडल शोधायला आम्हाला चौदा महिने लागले.

एक महत्त्वाचं. विलीजच्या घराण्यातल्या गाड्यांचे बोल्ट इंची आहेत. घरातले मिलिमीटरचे पाने त्यावर ‘जवळजवळ’ बसतात आणि कोपरे गोल करतात. आपले जुने मिस्त्री अजून सूत म्हणतात : एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. सियागंजात जाऊन इंची रिंग पान्यांचा एक चांगला संच घ्या. आमच्या चार वर्षांत सगळ्यात उपयोगी पडलेली खरेदी तीच.

गंज काढायचा स्वस्त उपाय?

गुळाची मळी. जनावरांच्या खाद्यासाठी मिळते तीच. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, मोठं पिंप, आणि आत हँगर, ब्रॅकेट, ड्रम. दोन-तीन आठवड्यांनी काढून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. गंज जातो, चांगलं लोखंड शाबूत राहतं. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचे भाग त्यात टाकू नका, खाल्ले जातात. वास येतो, तेव्हा पिंप स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर. धुतल्याबरोबर वाळवून प्रायमर मारा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा गंज धरतो.

आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवलंय. ठेवू का?

माळव्यात शेतावरच्या बहुतेक जीप-पिकअपमध्ये हेच झालं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. आरसीवर इंधन डिझेल असं लिहून घेतलेलं असेल तर निवांत चालवा. तोही त्या गाडीचा खराच इतिहास आहे. लिहिलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे तो विनापरवाना बदल ठरतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. नव्याने मात्र बसवू नका. मूळ इंजिन टिकवता येत असताना ते काढणं मला पटत नाही.

आजचं पेट्रोल चालतं का?

जपून. २०२३पासून पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. जुन्या गाडीतली मूळ रबरी नळी, फ्युएल पंपाचा पडदा आणि कॉर्कची पॅकिंगं त्याने मऊ पडतात, फुगतात. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या, कार्ब्युरेटरआधी पारदर्शक फिल्टर लावा, आणि गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

किती जागा लागते? फ्लॅटच्या पार्किंगमध्ये होईल?

नाही. उघडलेली गाडी तिप्पट जागा खाते. गाडीच्या चारही बाजूंना माणूस बसून काम करू शकेल एवढी जागा, वर छप्पर, आणि सुटे भाग ठेवायला कुलपाची खोली. एवढं नसेल तर सांवेर रोडकडे एखादी शेड भाड्याने बघा आणि ते भाडं खर्चात धरा.

वेळ किती?

आठवड्याला एक रविवार मिळत असेल तर तीन ते पाच वर्षं. वर्षाचे बावन्न रविवार कागदावरच. लग्नं, दिवाळी, परीक्षा आणि आजारपणं वजा करा, तीस उरतात. शिवाय जून मध्यापासून सप्टेंबरअखेर हवेत इतका ओलावा असतो की रंगाचं काम करू नये. रंगावर पांढुरकी झाक येते आणि उघडं लोखंड रात्रीत लाल होतं. एप्रिल-मेमध्ये लू आणि धूळ. इंदूरमध्ये रंगाचा खरा हंगाम म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तो एक चुकला की वर्ष गेलं. पावसाळ्यात वायरिंग, कार्ब्युरेटर, डायनमो, म्हणजे टेबलावर बसून होणारी कामं ठेवा.

आणि खर्च?

गाडीच्या किमतीवरून अंदाज बांधू नका. आमचा एकूण खर्च खरेदीभावाने मोजताच आला नसता, गाडी घरचीच होती. पण तशीच गाडी तेव्हा ज्या भावात विकली गेली त्याच्या चौपट पैसे आम्ही घातले, आणि आमची मजुरी त्यात धरलेली नाही. वहीत चार रकाने करा : भाग, बाहेरची मजुरी, हत्यारं, आणि येणं-जाणं. चौथा रकाना लोक विसरतात. लेथवाल्याकडे एकाच कामासाठी पाच खेपा होतात. सगळं लिहून बेरीज करा, तिची दीडपट करा, आणि तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवा. विकून नफा होईल या आशेने हे करणार असाल तर करू नका.

मूळचा झिजलेला रंग ठेवायचा की नवा?

आजोबांच्या गाडीच्या दारावर त्यांनी स्वतः ब्रशने रंगवलेलं आडनाव होतं, थोडं तिरकं. पेंटर म्हणाला, घासून टाकतो, त्याच जागी सुंदर अक्षरात लिहून देतो. आम्ही ते दार तसंच ठेवलं, फक्त पारदर्शक थर दिला. बाकी गाडी नवी, दार जुनं. काही लोकांना ते विजोड वाटतं. मला नाही वाटत. जुना रंग घासायला घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीभोवती फिरवा आणि कोणती खूण कशाची ते विचारा.

जिवाला धोका कशात आहे?

हा भाग घाईत वाचू नका.

त्या काळचे ब्रेक शू ॲस्बेस्टॉसचे असायचे. ड्रम उघडून काँप्रेसरची हवा मारली की ती धूळ थेट छातीत जाते. पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, आणि लहान मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नका.

पेट्रोलच्या टाकीला कधीही घरी वेल्डिंग नको. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त घातक असते, कारण आत उरते ती वाफ. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. स्टँड लावा, आणि विटा म्हणजे स्टँड नव्हे, वीट न सांगता फुटते. तुमची गाडी डॉज-फार्गोसारखी मोठी असेल आणि चाकाला लॉक रिंग, म्हणजे टायर जागी धरणारी लोखंडी कडी, असेल, तर ते टायर पिंजरा असलेल्या दुकानातच भरून घ्या. टू-के रंगात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, त्याला कापडी मास्क पुरत नाही. म्हणून तो स्प्रे मी वर बाहेरच्या यादीत टाकला.

शेवटी ब्रेक. या गाड्यांत चारही चाकांची एकच लाइन असते. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला, चारही ब्रेक गेले. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, सगळ्या नळ्या नव्या घाला. ‘चालतंय अजून’ हे वाक्य ब्रेकच्या बाबतीत मान्य करू नका. हँडब्रेक नीट लागल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही, असा बाबांनी आमच्या घरात नियमच केला.

कुणीतरी अर्धी उघडलेली गाडी विकतंय, सगळे भाग पोत्यात आहेत म्हणतो.

सगळे नसतात. आणि जे असतात ते कुठले, हे ज्याने उघडले त्यालाच माहीत. गाडी फार दुर्मिळ नसेल तर सोडा.

मधेच थांबावंसं वाटलं तर?

आमचं दुसऱ्या वर्षी थांबलं. चासी वेल्डिंगहून आली ती मागच्या बाजूने पाऊण इंच वाकडी. ओळंबा लावून आम्हीच पकडलं. पुन्हा कापून जोडण्यात हंगाम गेला आणि सात महिने आम्ही गाडीवरच्या ताडपत्रीकडे बघितलं नाही. मग आईने एका रविवारी स्वतः ताडपत्री काढली आणि डायनमो पाटावर आणून ठेवला. म्हणाली, एवढं तरी करा. ते आम्ही केलं.

थांबायचं असेल तर अशा टप्प्यावर थांबा जिथे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आहे, लोखंडावर प्रायमर आहे आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतात. तशी गाडी दुसरा कुणी पुढे नेऊ शकतो. विकावी लागली तरी तिच्याबरोबर वही द्या.

चालवायला कशी असते?

जड. पॉवर स्टिअरिंग नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी रचना, नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, किंवा दोनदा क्लच दाबून, मधे थोडी रेस देऊन टाकायचा. तुम्ही पुढच्या चाकांच्या वर बसलेले असता, समोर बॉनेट नाही, त्यामुळे राजवाड्याच्या गर्दीत समोरच्याची पाठ अगदी जवळ दिसते. आम्ही तिकडे नेत नाही. रविवारी सकाळी सहाला निघतो, देपालपूरच्या रस्त्याने शेतापर्यंत जातो, मागे बटाट्याची चार पोती टाकतो, कारण रिकाम्या पिकअपचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, फार उडवतात, आणि ऊन चढायच्या आत परत येतो.